हसण्यावारी नेलेली माहिती

समाजविज्ञानातले मार्गदर्शक, नियतकालिकांचे संपादक आणि शोधनिबंध तपासणारे परीक्षक यांस,

स. न. वि. वि.

तुमच्यापैकी कुणी मला ओळखण्याचं कारण नाही. मी मुलाखती उतरवून काढते. तुमचे विद्यार्थी फील्डवर्कवरून रेकॉर्डिंग आणतात, मी हेडफोन लावून ते ऐकते, मागे नेऊन पुन्हा ऐकते आणि टाईप करते. तुम्ही ज्याला डेटा म्हणता, तो तुमच्या टेबलावर येण्याआधी माझ्या कानातून गेलेला असतो. शोधनिबंधात माझं नाव नसतं, आणि आभारात असलंच तर अगदी शेवटी, घरच्यांच्या जरा आधी. तक्रार त्याबद्दल नाही. तक्रार नऊ सेकंदांबद्दल आहे.

काही वर्षांपूर्वी एका प्रकल्पातली गटचर्चा माझ्याकडे आली. सात-आठ बायका आणि एक तरुण संशोधक. त्याने विचारलं, "या योजनेमुळे तुमच्या आयुष्यात काय फरक पडला?" क्षणभर कुणीच बोललं नाही. मग एक जण फिसकन हसली, तिचं ऐकून दुसरी, आणि बघता बघता सगळ्याच. मी मोजलं, नऊ सेकंद. हसू ओसरल्यावर कुणीतरी म्हणालं, "चांगलंच झालं की." त्यावर पुन्हा खसखस पिकली. मी सगळं जसंच्या तसं उतरवलं: आधी कोण हसलं, मागून कोण, संशोधक हसला का. (नाही हसला. घसा खाकरून त्याने पुढचा प्रश्न घेतला.) प्रत परत आली, सोबत सूचना: 'अनावश्यक आवाज काढून स्वच्छ प्रत द्यावी.' दिली. पुढे अहवाल छापून आला. त्यात तिरक्या अक्षरांत ते वाक्य होतं, 'चांगलंच झालं की', आणि त्यावर उपशीर्षक: लाभार्थींचं समाधान.

हे पत्र त्या अनावश्यक आवाजाबद्दल आहे.

आधीच सांगते, शोधनिबंध विनोदी करा असं माझं म्हणणं नाही. शीर्षकात अपूर्णविरामाआधी (:) एक कोटी आणि नंतर खरा विषय, ही साथ आहे तेवढी पुरे. मी बोलतेय ते ज्यांच्यावर संशोधन होतं त्यांच्या विनोदाबद्दल, आणि तो तुमच्यापर्यंत पोचता पोचता कुठे गळतो त्याबद्दल.

एखादी गोष्ट मनावर घ्यायची नसली की आपण ती हसण्यावारी नेतो. मराठीत त्यासाठी हा एक वाक्प्रचार पुरतो, पण हसवण्यासाठी शब्द बघा किती: थट्टा, मस्करी, चेष्टा, टिंगल, टवाळी, फिरकी, कोपरखळी, टोमणा, शालजोडीतला. कोण कुणाला, किती जवळून आणि किती जोरात मारतो, याचा प्रत्येकाचा हिशेब वेगळा. थट्टा आपल्या माणसाची होते, टवाळी बहुधा परक्याची. शालजोडीतला असा द्यायचा की ज्याला बसला त्याला तो घरी पोचल्यावर कळावा. हे फरक बोलणाऱ्यांना कुणी शिकवत नाही, तरी त्यात सहसा कुणी चुकत नाही. आणि तुमच्या ट्रान्सक्रिप्टमध्ये या सगळ्यांना मिळून एकच कंस: (हशा).

गंमत अशी की हे मी तुम्हाला सांगावं लागू नये. तुमच्याच थोरामोठ्यांनी हे केव्हाच लिहून ठेवलंय. मानववंशशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राउन यांनी थट्टेच्या नात्यांवरचा निबंध छापला १९४० मध्ये. काही नात्यांत एकाने दुसऱ्याची टर उडवायची आणि दुसऱ्याने रागवायचं नाही, असा रिवाजच असतो. ज्या दोघांत जवळीकही आहे आणि भांडणाचं कारणही आहे, तिथे ही परवानगी असलेली बेअदबी नातं तुटू देत नाही, असं त्यांचं म्हणणं. समाजशास्त्रज्ञ रोझ कोझर यांनी एका मनोरुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांच्या बैठकांतले विनोद अक्षरशः मोजले आणि १९६० मध्ये ते मांडले. १०३ विनोदांपैकी ९९ पुरुषांचे. बायका हसत होत्या, विनोद फारसे करत नव्हत्या. आणि विनोदाला उतार होता: वरिष्ठ कनिष्ठांवर करायचे, कनिष्ठ रुग्णांवर, रुग्णांच्या नातेवाइकांवर किंवा स्वतःवरच. समोर बसलेल्या वरिष्ठावर कनिष्ठाने केलेला विनोद एकही नाही. त्या संस्थेत कोण कुणाच्या वर आहे हे कळायला कोझरबाईंना अधिकाऱ्यांचा तक्ता मागायची गरजच नव्हती. आता कल्पना करा, त्या बैठका कुणी मला उतरवायला दिल्या असत्या आणि सोबत ती 'स्वच्छ प्रत'वाली सूचना असती.

तुम्ही म्हणाल, विनोद असेल तिथे ठेवा, पण लोक उगाचही हसतात. बरोबर आहे, आणि खरी मौज तिथेच आहे. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोवाइन यांनी रस्त्यावर, दुकानांत, जिथे माणसं आपापसांत बोलतात तिथे जाऊन हसण्याचे १,२०० प्रसंग टिपले. हसण्याआधीच्या वाक्यांपैकी विनोद म्हणता येईल अशी वाक्यं फार तर वीस टक्के. बाकी सगळं 'बरं, निघतो मी' या जातीचं. आणि ऐकणाऱ्यापेक्षा बोलणारा जास्त हसतो. म्हणजे हसू बहुतेक वेळा गमतीला दिलेली दाद नसतंच. ते बोलण्यातलं विरामचिन्ह असतं, किंवा कडू गोळीवरचं साखरेचं आवरण, किंवा 'हे मी बोलले खरी, पण बोलले असं समजू नका' अशी सूचना. लिहिताना स्वल्पविराम गाळला तर संपादक म्हणून तुम्ही लाल खूण करता. हे गाळलेलं मात्र तुम्हाला चालतं.

माझ्या धंद्यातलं एकच नाव तुमच्या पुस्तकांत पोचलंय, गेल जेफरसन. समाजशास्त्रज्ञ हार्वे सॅक्स यांच्या व्याख्यानांच्या टेप उतरवणारी ही बाई पुढे संभाषण-विश्लेषणाची एक आधारस्तंभ झाली. तिने हसणं कंसात न टाकता उच्चारांत लिहिलं: कुठल्या अक्षरावर सुरू झालं, कुठे दाबलं गेलं, कुठे दुसऱ्याचं त्यात मिसळलं. एका संभाषणात एक अश्लील शब्द हसत हसत उच्चारला होता. साध्या प्रतीत तो शब्द आणि शेजारी हसल्याची नोंद, एवढंच दिसे. तिने अक्षर-अक्षर ऐकून लिहिलं तेव्हा कळलं की हसू नेमकं त्या शब्दापुरतंच आलंय, आगेमागचं बोलणं कोरडं ठणठणीत. म्हणजे हसू अनावर झालं नव्हतं, ते शब्दावर पदरासारखं ओढलं होतं. ही गोष्ट (हसतात) असं लिहिणाऱ्याला जन्मात सापडली नसती.

तिचं आणखी एक निरीक्षण मी मॉनिटरला चिकटवून ठेवलंय. माणूस आपलं दुःख सांगताना मध्येच हसतो, पण जाणता ऐकणारा तेव्हा हसत नाही, तो दुःखाकडेच लक्ष देतो. सांगणारा हसून एवढंच दाखवत असतो की मी अजून उभा आहे. १९८४ चा हा लेख. पण मी चाळीस वर्षांनंतरची रेकॉर्डिंग ऐकते, त्यात काय असतं? बाई सांगते, "नवरा गेल्यावर सहा महिने मी दार उघडलं नाही," आणि हसते. मुलाखत घेणारा विद्यार्थी भिडेपोटी तिच्यासोबत हसतो. पुढची चार मिनिटं ती 'हो' आणि 'नाही' यापलीकडे बोलत नाही. असं मी एकदा नाही, अनेकदा ऐकलंय. विद्यार्थ्याचा यात फार दोष नाही. प्रश्नावली कशी बनवावी यावर तुम्ही त्याला सहा तास शिकवलेत, समोरचा हसला तर काय करायचं यावर सहा मिनिटंही नाहीत.

आता तुमच्याकडच्या एका केळ्याबद्दल बोलायचंय. समाजशास्त्रज्ञ डोनाल्ड रॉय यांचा निबंध तुम्ही वर्गात शिकवताच, पण कशासाठी शिकवता हे मला कळत नाही, कारण त्यातली रीत नंतर कुणी पाळताना दिसत नाही. रॉय दोन महिने एका कारखान्यात यंत्रावर काम करत होते. दिवसभर तेच ते प्लास्टिकचे तुकडे कापायचे. सोबत तिघे, निबंधात त्यांची नावं जॉर्ज, आइक आणि सॅमी. सॅमी रोज डब्यात एक केळं आणायचा. आइक रोज ते चोरायचा आणि 'केळ्याची वेळ झाली!' असं ओरडून खायचा. सॅमी रोज चिडायचा, आणि जॉर्ज कधीकधी उलट सॅमीलाच झापायचा, एवढा आरडाओरडा कशाला म्हणून. सॅमीला आपलं केळं कधी मिळालं नाही, पण त्याने ते आणणंही कधी थांबवलं नाही. रॉय यांना आधी हा सगळा पोरकटपणा वाटला. मग हळूहळू दिसू लागलं की पीचची वेळ, केळ्याची वेळ, खिडकीची वेळ अशा खुंट्यांवर ही माणसं तो न संपणारा दिवस टांगतात. कंटाळ्याने वेड लागू नये म्हणून त्यांनी स्वतः केलेली ती सोय होती.

पण निबंधाचा उत्तरार्ध मला जास्त मोलाचा वाटतो, आणि तो कमी सांगितला जातो. जॉर्जच्या मुलीचं लग्न एका प्राध्यापकाच्या मुलाशी झालं होतं. त्या एका सोयरिकीवर जॉर्जचा गटातला सगळा रुबाब उभा होता. एक दिवस रॉय यांनीच आइकच्या डोक्यात एक पुडी सोडली: ते प्राध्यापक म्हणे न्हाव्याचं काम शिकवणाऱ्या शाळेत शिकवतात. आइकने ती जॉर्जपुढे सोडली आणि मस्करीची कुस्करी झाली. जॉर्ज भडकला, त्याने अबोला धरला. कित्येक दिवस ना केळं, ना खिडकी. मुकाट्याने काम, आणि काम आता भयंकर थकवणारं. संशोधकाच्या स्वतःच्या विनोदाने गट मोडला, आणि मोडला म्हणूनच तो कशाने जोडलेला होता ते दिसलं. रॉय यांनी हे लपवलं नाही, छापलं. आज एखाद्या विद्यार्थिनीने प्रबंधात लिहिलं की 'मी एक फिरकी घेतली आणि माझं फील्डवर्क दोन आठवडे ठप्प झालं', तर तुमच्यातले किती मार्गदर्शक ते पान राहू देतील? 'हे परिशिष्टात टाक,' असं म्हणणारा मला त्यातल्या त्यात उदार वाटेल.

संशोधकाचं हसं होणं हीसुद्धा माहितीच असते. मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ आणि त्यांची पत्नी १९५८ मध्ये बालीतल्या एका गावात राहायला गेले, तेव्हा गावाने त्यांच्याकडे हवेत पाहावं तसं पाहिलं. मग बेकायदा कोंबड्यांच्या झुंजीवर पोलिसांची धाड पडली आणि हे दोघे परदेशी विद्वान ओळखपत्र दाखवून बाजूला उभे राहण्याऐवजी गावकऱ्यांसोबत जीव घेऊन पळाले. दुसऱ्या दिवशी गाव बदललेलं. जो तो त्यांना थांबवून विचारतोय, पळालात कसे, आणि त्यांच्या धावण्याच्या नकला करून दाखवतोय. तिथे चिडवणं म्हणजे आपलं म्हणणं. गीर्ट्झ यांनी निबंधाची सुरुवातच या फजितीने केली. अलीकडच्या शोधनिबंधांत याच जागी एक वाक्य भेटतं: 'समुदायाशी विश्वासाचं नातं प्रस्थापित करण्यात आलं.' कुणी केलं, कसं केलं, त्यात कुणाची टोपी उडाली, काही पत्ता नाही. कर्मणी प्रयोगात कुणाचीच फजिती होत नाही.

हसू नोंदवलं नाही तर काय होतं, याचं सगळ्यात महागडं उदाहरण समोआचं. मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट मीड यांनी १९२५-२६ मध्ये तिथे किशोरवयीन मुलींमध्ये काम केलं आणि १९२८ मध्ये त्यांच्या मोकळ्या वागण्याबद्दल पुस्तक लिहिलं. १९८३ मध्ये डेरेक फ्रीमन यांनी ते खोडून काढायला घेतलं, आणि पुढे त्यांचा आरोप इथवर गेला की मीड यांच्या समोअन मैत्रिणींनी त्यांची फिरकी घेतली होती. रात्री मुलांसोबत फिरण्याच्या गोष्टी थट्टेत सांगितल्या आणि मीड यांनी त्या खऱ्या मानल्या. पुरावा म्हणून एका वृद्ध स्त्रीची साक्ष काढली, साठ वर्षांनंतर. मग पॉल शँकमन यांनी त्या मुलाखतीच तपासल्या आणि फ्रीमन यांचा अर्थ त्यातून निघत नाही असं दाखवलं. मीड यांची बाजू मला बळकट वाटते, पण तो मुद्दा वेगळा. एका कथित थट्टेवरून कित्येक वर्षं विद्वानांची जुंपली, आणि १९२६ मध्ये कोण कधी हसलं हे ऐकवणारी टेप कुणाकडे नव्हती. तुमच्याकडे टेप आहे. तुम्ही ती स्वच्छ करून मागता.

आकडेवारीवाल्यांनी इथे गालात हसू नये. अमेरिकेत १९९४-९५ मध्ये किशोरवयीन मुलांची एक प्रचंड मोठी पाहणी सुरू झाली. शाळेत भरलेल्या प्रश्नावलीत अडीचशेच्या आसपास मुलांनी सांगितलं की आपला हात किंवा पाय कृत्रिम आहे. घरी जाऊन पाहिलं तर बोटांवर मोजण्याइतकीच खरी निघाली. बाकीच्यांनी वर्गात बसून मजा केली होती. मजा करणारी मुलं एकाच प्रश्नावर थांबत नाहीत, ती पुढेही तशीच उत्तरं देतात. त्यामुळे छोट्या गटांबद्दलचे निष्कर्ष वाकडे होतात, आणि त्यावर धोरणं बेततात. पंधरा वर्षांच्या मुलाला दीडशे प्रश्नांचा कागद दिला की तो काय करणार, हे कुठल्याही शाळेच्या शिपायाने सांगितलं असतं.

विनोद घातकही असतो, हे मान्य. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ मायकेल यंग यांनी १९५८ मध्ये गुणवत्तेच्या राज्यावर एक उपहासिका लिहिली. बुद्धी आणि कष्ट यांच्या मापाने निवडलेले लोक सत्तेवर बसले की ते किती निर्दय होतील, हा तिचा इशारा होता. 'मेरिटॉक्रसी' हा शब्द तिच्यामुळे जगभर गेला, फक्त शिवीचा गौरव होऊन. २००१ मध्ये म्हाताऱ्या यंगना वर्तमानपत्रात लिहावं लागलं की अहो, मी ते धोक्याची सूचना म्हणून लिहिलं होतं. उलट काम घटलं तरी कचेरी फुगतच जाते, हा पार्किन्सन यांचा १९५५ चा चिमटा अजून टिकून आहे, कारण त्याखाली आकडे होते: १९१४ ते १९२८ मध्ये ब्रिटिश नौदलाच्या मोठ्या युद्धनौका ६२ वरून २० झाल्या आणि कचेरीतले अधिकारी २,००० वरून ३,५६९. पण हा लिहिणाऱ्यांच्या विनोदाचा प्रांत झाला, माझा नव्हे.

माझ्या प्रांतातला खरा अवघड भाग वेगळा आहे आणि तो मी शेवटपर्यंत टाळत आले. मुलाखत देणारा गैरहजर असलेल्या तिसऱ्याची टवाळी करतो. शेजारच्या वस्तीची, खालच्या मानलेल्या लोकांची, बायकांची. आणि संशोधक हसतो. मनापासून नसेल, मुलाखत तुटू नये म्हणून असेल, पण टेपवर ते हसूच असतं. त्या हसण्यानंतर समोरचा खुलतो, आणखी बोलतो, आणि तेच पुढे तुमचं सर्वोत्तम अवतरण होतं. ते कशाच्या मोबदल्यात मिळालं हे फक्त मला ठाऊक असतं. असलं हसू काढून टाकण्याची विनंती मला सर्वांत जास्त वेळा येते. वाचणाऱ्याला हे कळायला हवं असं मला वाटतं. विद्यार्थ्याला फासावर चढवण्यासाठी नव्हे. त्या अवतरणाची किंमत लावता यावी म्हणून.

तेव्हा मागणं थोडकंच आहे. मार्गदर्शकांनी पहिल्या मुलाखतीची टेप विद्यार्थ्यासोबत बसून ऐकावी, नुसती प्रत वाचू नये. संपादकांनी शब्दमर्यादेत हसण्याच्या नोंदी धरू नयेत. त्या आकृत्यांसारख्या मर्यादेबाहेर ठेवता येतील. आणि परीक्षकांनी, नमुना किती होता हे विचारून झाल्यावर, एकदा हेही विचारावं की कोण हसलं आणि कोण हसलं नाही.

पुढच्या आठवड्यात माझ्याकडे नवीन प्रकल्पाची चौदा तासांची रेकॉर्डिंग येत आहेत. यापुढे मी हसू लिहिणार आहे, सेकंदांसकट आणि कुणाचं ते सांगून. ते नको असेल तर तुम्ही खोडा. फक्त खोडताना 'ट्रॅक चेंजेस' चालू ठेवा.

आपली,
मुलाखती उतरवून काढणारी

ता. क. त्या गटचर्चेचं रेकॉर्डिंग प्रकल्प संपल्यावर पुसून टाकायचं असा करार होता, त्याप्रमाणे मी ते पुसलं. स्वच्छ प्रत अहवालाच्या परिशिष्टात आहे.